शेजारच्या आजोबांचा क्लब (फुटस्क्रे, मेलबर्न)

टार्नीटकर

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. विषय क्रिकेटचा नाही, त्यामुळे गर्दीची अपेक्षा नाही.

गेल्या महिन्यात लेकीला ऑसकिकला घातलं. शनिवारी सकाळी ओल्या गवतावर बारकी पोरं लांबट चेंडूमागे धावतात, पडतात, चिखलात लोळून घरी येतात, तो प्रकार. खेळाचं नाव ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, पण इथे सगळे नुसतं फूटी म्हणतात. तर बाईसाहेब वेस्टर्न बुलडॉग्जची लाल-पांढरी-निळी बंडी घालून अंगणात उड्या मारत होत्या आणि कुंपणापलीकडे शेजारचे आजोबा गुलाब छाटत होते. वय ऐंशीच्या आतबाहेर. मी आपलं कौतुकानं म्हटलं, बघा, आमचीही बुलडॉग झाली. आजोबांनी कात्री खाली ठेवली.

"वेस्टर्न बुलडॉग्ज नावाचा क्लब मला माहीत नाही. मला फुटस्क्रे माहीत आहे." (फुटस्क्रे हे याच क्लबचं जुनं नाव.)

आता हे म्हणजे परळच्या माणसासमोर 'अपर वरळी' म्हटल्यासारखं झालं. पुढचा तासभर ते कुंपणाला टेकून बोलत होते. त्यावर मी नंतर थोडं वाचलं. दोन्ही मिसळून लिहितोय.

फुटस्क्रे म्हणजे मेलबर्न शहरातून पश्चिमेला नदी ओलांडली की लागणारं उपनगर. आज तिथे व्हिएतनामी फो आणि इथिओपियन इंजेरा खायला लोक लांबून येतात. तेव्हा मात्र दगडाच्या खाणी, कत्तलखाने, कातडी कमावायचे कारखाने, दारूगोळ्याचा कारखाना. आजोबा म्हणतात, वारा फिरला की घरात बसून कळायचं आज कुठल्या कारखान्यात काय चाललंय. नदीपलीकडची मंडळी नाक मुरडायची, आणि ते नाक मुरडणं हा या क्लबच्या इतिहासाचा अर्धा भाग आहे.

कारण असं, की १८९६ च्या शेवटी आठ क्लब जुन्या संघटनेतून (व्हीएफए) फुटून निघाले आणि १८९७ पासून त्यांनी व्हीएफएल नावाची स्वतःची लीग सुरू केली. आजची राष्ट्रीय लीग एएफएल ती हीच. फुटस्क्रेला त्या पंगतीत पान मांडलं नाही. मग फुटस्क्रेनं मागे उरलेल्या संघटनेत १८९८, १८९९ आणि १९०० अशी सलग तीन अजिंक्यपदं घेतली. १९२४ पर्यंत नऊ झाली. त्या वर्षी ऑक्टोबरात, महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांच्या मदतीसाठी एक सामना ठरला: लीगचा विजेता एसेंडन विरुद्ध संघटनेचा विजेता फुटस्क्रे. प्रसिद्ध ऑपेरा गायिका नेली मेल्बा या निधीमागे होत्या. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की एसेंडन चिरडणार. फुटस्क्रे २८ गुणांनी जिंकलं. पुढच्या हंगामात, १९२५ ला, लीगचं दार उघडलं. हॉथॉर्न आणि नॉर्थ मेलबर्न त्यांच्याबरोबरच आत आले.

आत गेल्यावर मात्र भोपळा. बाद फेरीत पहिल्यांदा पोचायला १९३८ उजाडलं. आणि मग आलं १९५४.

आजोबा तेव्हा आठ वर्षांचे. वडील खाणीत. एमसीजीवर ८० हजारांवर माणसं. समोर मेलबर्न क्लब. चार्ली सटन कप्तानही आणि प्रशिक्षकही, म्हणजे घामाघूम होऊन स्वतः धावायचं आणि विश्रांतीत इतरांना झापायचं. जॅक कॉलिन्सनं एकट्यानं सात गोल मारले. २१ वर्षांचा टेड व्हिटन त्यात होता. निकाल १५.१२ (१०२) विरुद्ध ७.९ (५१). क्लबचं लीगमधलं पहिलं अजिंक्यपद.

"त्या दिवशी मला वाटलं," आजोबा म्हणाले, "की हे आता दर दोन-तीन वर्षांनी होणार."

पुढचं जिंकेपर्यंत ते सत्तरीला टेकले होते. कुकर झाला, १९८९ ची भानगड जेवून झाल्यावर लिहितो.

गणिती

तो आकडा ज्यांच्या डोक्यावरून गेला त्यांच्यासाठी: मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांतून लाथेनं मारला तर गोल, ६ गुण. बाजूच्या फटीतून गेला तर 'बिहाइंड', १ गुण. म्हणजे १५ गोल, १२ बिहाइंड: ९० + १२ = १०२. मेलबर्नचे ४२ + ९ = ५१. बरोब्बर निम्मे!

जवळपास चुकलं तरी गुण देणारा खेळ मला फार माणुसकीचा वाटतो. दहावीला हे असतं तर.

पर्थची_पाहुणी

मस्त धागा टार्नीटकर. खेळ क्रिकेटचा नाही म्हणालात, पण नातं आहे बरं का. हे नियम १८५९ मध्ये मेलबर्नला लिहिले गेले आणि त्यात पुढाकार टॉम विल्स या क्रिकेटपटूचा होता. हिवाळ्यात क्रिकेटवाले सुस्तावू नयेत, अंग चालतं राहावं, हा एक हेतू. म्हणूनच मैदान लंबगोल आणि अवाढव्य, १८ विरुद्ध १८.

मी वेस्ट कोस्ट ईगल्सवाली आहे, म्हणजे आमच्या पर्थच्या क्लबची. २०१६ वर आलात की सांभाळून लिहा. जखम ओली आहे.

निवडुंग

शंका. तुम्ही लिहिताय 'उपनगराचा क्लब', पण हा तर टीव्हीवर दिसणारा, कोट्यवधींची उलाढाल असलेला व्यावसायिक संघ ना? मग आयपीएलच्या फ्रँचायझीत आणि यात फरक काय? बंडी विकत घेतली की झालो स्थानिक?

टार्नीटकर

निवडुंग, रास्त शंका. आज तुमचं बरंच खरं आहे. पण फ्रँचायझी आधी निघते आणि तिला गाव नंतर चिकटतं. इथे गाव आधी होतं. टेड व्हिटन शेजारच्या ब्रेब्रुकचा पोरगा. पुढे डग हॉकिन्स, तोही ब्रेब्रुकचाच. व्हिटन ३२१ सामने खेळला, १९७० पर्यंत. वेस्टर्न ओव्हलवर, म्हणजे क्लबच्या फुटस्क्रेमधल्या मैदानावर, शनिवारी जो खेळत होता, तो सोमवारी तुमच्याच रस्त्यावरून जाताना दिसायचा.

वेस्टर्न ओव्हलबद्दल एक सांगायलाच हवं. तिथला वारा. मैदानावर तो असा आडवा येतो की बाहेरचे संघ वैतागायचे, फुटस्क्रेच्या खेळाडूंना मात्र चेंडू कुठे वळेल ते पोटातून कळायचं. हॉकिन्स मैदानाच्या ज्या कडेला खेळायचा त्या कडेलाच त्याचं नाव पडलंय. आजोबांनी मला हातातल्या कात्रीनं दाखवलं, चेंडू इकडे मारायचा आणि तो तिकडून यायचा.

आता १९८९. ऑक्टोबरच्या सुरुवातीला जाहीर झालं की कर्जबाजारी फुटस्क्रेचं फिट्झरॉय क्लबात विलीनीकरण होणार. नव्या क्लबचं नावही ठरलं होतं, फिट्झरॉय बुलडॉग्ज. म्हणजे आडनाव शिल्लक, नाव गायब. लीगच्या दृष्टीनं हिशोब सोपा होता: स्पर्धा देशभर पसरवायची, मेलबर्नमध्ये क्लब जास्त झालेत, गरीब वस्तीतले कमी करा.

लोकांनी ऐकलं नाही. पीटर गॉर्डन नावाचा तरुण वकील पुढे आला. आयरीन चॅटफिल्ड या क्लबच्या साध्या चाहत्या, त्यांच्या नावानं सर्वोच्च न्यायालयात (इथे राज्याच्या वरच्या कोर्टालाही सुप्रीम कोर्टच म्हणतात) अर्ज गेला आणि विलीनीकरणाला तात्पुरती स्थगिती मिळाली. हरल्या असत्या तर खर्च अंगावर आला असता. कोर्टानं मुदत दिली, पण कर्ज फेडायची सोय दाखवा म्हणून. मग सुरू झाली वर्गणी. मैदानावर सभा, हजारो लोक. दारोदार डबे. काही आठवड्यांत पंधरा लाखांच्या आसपास डॉलर जमले, तेही अशा भागातून जिथे कारखाने एकेक करून बंद पडत होते.

आजोबा आइस्क्रीमची चार लिटरची रिकामी बादली घेऊन पेट्रोलपंपावर उभे राहायचे. झाकणाला मधोमध सुरीनं चीर पाडलेली. ती बादली अजून आहे. त्यात ते आता गुलाबांचं खत ठेवतात.

गिरणगावकर

टार्नीटकर, बादलीपाशी थांबलो जरा.

आमच्याकडे १९८२ चा संप झाला आणि गिरण्या गेल्या. वडील चाळिशीत घरी बसले. पण आमच्या गल्लीतली कबड्डी बंद पडली नाही. मॅटचं फॅड नव्हतं, माती चाळून, पाणी मारून, दोन हॅलोजन लावून सामने व्हायचे. वर्गणी मागायला मी पण फिरलोय, पावतीपुस्तक घेऊन. ज्याच्या घरी त्या महिन्यात पगार आलेला नसायचा, तो जास्त वेळ दारात उभं ठेवायचा नाही, लगेच पाच रुपये द्यायचा. ज्याची सरकारी नोकरी तो चौकशा करायचा, गेल्या वर्षीचा हिशोब कुठाय म्हणून. नंतर पोरं विरार, डोंबिवली, बदलापूरला गेली, पण अंतिम सामन्याला लोकल पकडून यायची.

म्हणून सांगतो, तुमचे आजोबा बरोबर आहेत. मंडळाचं नाव म्हणजे गल्लीचं नाव. ते कसं काय बदललं? इतकं भांडून नाव वाचवलं आणि मग आपणच पुसलं?

तिरपागडा

फिट्झरॉयचं पुढे काय झालं? ते बिचारे कथेतून परस्पर गायब झाले.

टार्नीटकर

@तिरपागडा, फिट्झरॉयचं वाईट झालं. सात वर्षांनी, १९९६ च्या शेवटी, त्यांचं ब्रिस्बेन बेअर्सशी विलीनीकरण होऊन ब्रिस्बेन लायन्स झालं. म्हणजे क्लब दीड हजार किलोमीटर लांब गेला. मेलबर्नच्या हौशी लीगमध्ये फिट्झरॉय नावाचा संघ आता परत खेळतो, जुन्या ब्रन्सविक स्ट्रीटच्या मैदानावर. तिथे प्रेक्षक कुत्री घेऊन येतात आणि कुणी तिकीट विचारत नाही. एकदा जाऊन आलो, मोठ्या स्टेडियमपेक्षा मजा आली.

@गिरणगावकर, नाव १९९६ च्या हंगामानंतर बदललं, १९९७ पासून वेस्टर्न बुलडॉग्ज. कारण पैशाचंच. एकट्या फुटस्क्रेच्या जिवावर राष्ट्रीय लीगमध्ये टिकाव लागेना, तेव्हा सगळ्या पश्चिम मेलबर्नला आपलं म्हणायचं ठरलं. त्याच सुमारास वेस्टर्न ओव्हलवरचे लीगचे सामनेही थांबले, शेवटचा १९९७ मध्ये. मैदानाला त्याआधीच व्हिटनचं नाव दिलं होतं. तो १९९५ मध्ये कर्करोगानं गेला. जायच्या काही आठवडे आधी एमसीजीवर उघड्या गाडीतून त्याची फेरी काढली होती, शेजारी मुलगा. दृष्टी गेलेली. सगळं स्टेडियम उभं आहे आणि तो ज्या दिशेनं आवाज येतोय तिकडे हात हलवतोय. चित्रफीत बघितली मी. बायको विचारत होती, तू का रडतोयस, तू तर सोलापूरचा.

निवडुंग

नाव पश्चिमेचं घेतलं, ठीक. पण सामने पश्चिमेला होतात का? माझ्या माहितीप्रमाणे घरचे सामने शहरातल्या डॉकलंड्स स्टेडियमच्या छपराखाली. वारा नाही, पाऊस नाही. म्हणजे पाटी पश्चिमेची आणि दुकान शहरात.

टार्नीटकर

हो. आणि २०१७ पासून काही सामने बॅलराटला, जे आमच्या टार्नीटहून तासाभरावर, आणखी पश्चिमेला. तुमचं बोट दुखऱ्या जागी पडलंय, आजोबांचंही हेच म्हणणं. ते डॉकलंड्सला जातात, पण दर वेळी घरी येऊन सांगतात की छपराखाली खेळतात ती बॅडमिंटन.

पर्थची_पाहुणी

२०१६ येऊ द्या आता. मी पाणी पिऊन बसलेय.

टार्नीटकर

येतो, येतो. आधी त्यामागचा वनवास थोडक्यात. १९६१ ला अंतिम सामना हॉथॉर्नशी हरले. त्यानंतर १९८५, १९९२, १९९७, १९९८, २००८, २००९, २०१०: सात वेळा उपांत्य सामन्यापर्यंत पोचले आणि सातही वेळा हरले. त्यातला १९९७ चा अॅडलेडशी अवघ्या दोन गुणांनी. शेवटच्या सत्रात टोनी लिबराटोरेनं मारलेला चेंडू गोल गेला म्हणून त्यानं हात वर करून नाचायला सुरुवात केली, आणि पंचांनी एक बोट दाखवलं. बिहाइंड. आजोबा आजही तो गोलच मानतात. गणिती, तुमच्या माणुसकीच्या एका गुणाबद्दल त्यांच्याशी बोलू नका.

२०१४ च्या शेवटी तर कप्तान क्लब सोडून गेला, प्रशिक्षक गेला, सगळं उसवलं. ल्यूक बेव्हरिज नवा प्रशिक्षक आला. २०१६ ला संघ साखळीत सातवा. तेव्हा आठ संघ बाद फेरीत जायचे, म्हणजे जेमतेम आत. लाडका कप्तान बॉब मर्फी एप्रिलमध्येच गुडघा फाटून बाहेर. आणि पहिलाच बाद सामना चार तासांच्या विमानप्रवासानंतर पर्थला...

पर्थची_पाहुणी

मी सांगते. गुरुवारची रात्र, सुबियाको ओव्हल. आम्ही आधीच्या वर्षीचे उपविजेते, घरचं मैदान, माझ्या ऑफिसात पैजा लागल्या होत्या त्या किती गुणांनी जिंकणार यावर. ४७ गुणांनी हरलो. मी तिसऱ्या सत्रातच उठले, स्टेशनवर गाडीला गर्दी होते ना म्हणून. बाहेर येऊन पाहते तर अर्धं पर्थ त्याच गाडीला.

पुढे त्यांनी हॉथॉर्नला हरवलं, जे सलग तीन वर्षांचे विजेते होते. मग सिडनीत जाऊन जीडब्ल्यूएसला (ग्रेटर वेस्टर्न सिडनी क्लब) सहा गुणांनी. तेव्हा मात्र मी पण त्यांच्या बाजूनं ओरडत होते. हरवणारा शेवटपर्यंत गेला की आपली लाज थोडी कमी होते.

टार्नीटकर

😀 आणि १ ऑक्टोबरला एमसीजीवर सिडनी स्वान्सना ८९ विरुद्ध ६७. बासष्ट वर्षांनी. सातव्या क्रमांकावरून येऊन जिंकणारा पहिला संघ. टॉम बॉयडनं शेवटच्या सत्रात इतक्या लांबून मारलेला चेंडू टप्पे खात खात गोलात शिरला, तो क्षण इथे पश्चिमेत कुणालाही विचारा, कुठे होतात म्हणून सांगतील.

पदकं देताना बेव्हरिजनं मर्फीला मंचावर बोलावलं आणि स्वतःचं प्रशिक्षकाचं पदक त्याच्या गळ्यात घातलं. मर्फीनं ते पुढे परत दिलं.

मी तेव्हा इथे नवा होतो, भाड्याच्या घरात, सामान खोक्यात. बाहेर गाड्यांचे भोंगे सुरू झाले तेव्हा मला वाटलं कुठे लग्नाची वरात आहे.

निशिगंधा

वाचतेय. महिलांच्या संघाबद्दल कुणी लिहिणार का, की लेक नुसती बंडी घालून फोटोपुरती?

टार्नीटकर

निशिगंधाताई, कान पकडले. महिलांची राष्ट्रीय लीग २०१७ ला सुरू झाली आणि २०१८ चं, म्हणजे दुसऱ्याच वर्षीचं अजिंक्यपद बुलडॉग्जच्या मुलींनी घेतलं, ब्रिस्बेनला सहा गुणांनी हरवून, धो धो पावसात. त्याआधी, २०१३ मध्ये, मेलबर्न आणि बुलडॉग्ज या दोन क्लबांनीच एएफएल क्लबांच्या महिला संघांचा पहिला प्रदर्शनीय सामना खेळवला होता. सूझन अल्बर्टी तेव्हा क्लबच्या उपाध्यक्ष होत्या आणि महिलांच्या फूटीसाठी पदरचे पैसे घालत होत्या. हा क्लब त्या बाबतीत उशिरा जागा झालेल्यांतला नाही.

आणि लेक फोटोपुरती अजिबात नाही. काल घरात फुलदाणी गेली.

गिरणगावकर

नावाचा मुद्दा अजून सुटत नाहीये माझ्या डोक्यातून.

टार्नीटकर

माझ्याही. सांगतो मी काय विचार करतोय. फुटस्क्रे नाव राहिलं असतं तर मी त्याच्या वाटेला गेलो असतो का? मी फुटस्क्रेला राहत नाही. ट्रेननं जाताना ते स्टेशन लागतं, भाजी स्वस्त मिळते म्हणून उतरतो, एवढंच. टार्नीट, ट्रुगनिना, पॉइंट कुक इथली आम्ही देशी मंडळी तीस-तीस किलोमीटर बाहेर, जिथे आजोबांच्या तरुणपणी मेंढ्या चरायच्या. पण 'वेस्टर्न' म्हटल्यावर आम्ही आपोआप आत आलो. क्लबतर्फे पश्चिमेतल्या पुरुषांसाठी तब्येतीचा मोफत कार्यक्रम चालतो, सन्स ऑफ द वेस्ट नावाचा. बायकोनं मला तिथे ढकललं. आठवड्यातून एक संध्याकाळ: थोडा व्यायाम, थोडं रक्तदाब-साखर-डोकं याविषयी बोलणं. आमच्या गटात पंजाबी ट्रकवाले, एक सुदानी, दोन तेलुगू, निवृत्त गोरे. त्यात कुणीही फुटस्क्रेचा नव्हता.

म्हणजे जे नाव आजोबांना चोरल्यासारखं वाटतं, त्याच दारातून मी घरात शिरलोय. हे त्यांच्यासमोर कुंपणावरून बोलायची हिंमत अजून झाली नाही.

बाकी फुटस्क्रे अगदीच पुसलं नाही बरं का. २०१४ पासून क्लबचा दुय्यम संघ व्हीएफएलमध्ये (हे नाव आता खालच्या पातळीच्या लीगचं आहे) फुटस्क्रे याच नावानं उतरतो, जुन्या मैदानावर, वाऱ्यात. पहिल्याच वर्षी जिंकले, आणि २०१६ ला परत.

गिरणगावकर

मग आजोबांना तिथे घेऊन जा की. आणि एक विचारा माझ्यातर्फे: १९८९ ला बादलीत पैसे टाकणाऱ्यांत नवे आलेले किती होते? व्हिएतनामी वगैरे. त्यांना तर खेळही कळत नसणार. आमच्याकडे कबड्डीला वर्गणी देणारा मंगळुरी हॉटेलवाला होता, त्यानं एकही सामना पाहिला नव्हता.

टार्नीटकर

विचारलं काल. बरोबर लेकही होती.

आजोबा म्हणाले, "मला काय माहीत. मी पैसे बघत होतो, तोंडं नाही."

मग थोडा वेळ फांद्या गोळा करत राहिले. म्हणाले, शनिवारी दुपारी व्हिटन ओव्हलला फुटस्क्रेचा सामना आहे, वारा असणार, पोरीला कानटोपी घाला. आत गेले आणि ती बादली घेऊन बाहेर आले. खत काढून, धुऊन. फुलदाणी फुटली ना, म्हणाले, तोवर यात ठेवा फुलं. झाकण नव्हतं दिलं. झाकण कुठाय विचारलं तर म्हणाले, ते माझ्याकडेच राहील.